आयुष्याची यादी : बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या चार पानांवर, मला या जन्मात करून बघायच्या आहेत त्या गोष्टी लिहिल्या आहेत. वही चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू केली, आता पंचावन्नावं चालू आहे. शाळेच्या ऑफिसातली नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण हे सगळं सांभाळत त्यातल्या एकवीस गोष्टी झाल्या. शहापूर-वडगावच्या मैत्रिणी, खानापूरकडचे नातेवाईक, निपाणीच्या नणंदबाई, सगळे मला तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सावकाश लिहून ठेवते आहे.

यादी लिहायलाच कशाला हवी? मनात ठेवली तर चालत नाही का?

बेळगावकरांना हे सांगणं सोपं आहे. आपल्याकडं मांडे दोन प्रकारचे, मनातले आणि खापरावरचे. मनातल्या मांड्याला ना कणीक लागते ना जाळ. खापरावरच्या मांड्यासाठी कणीक तिंब तिंब तिंबावी लागते, दोन्ही हातांवर रुमालासारखी पसरावी लागते आणि पालथ्या खापरावर टाकताना बोटं भाजतात. वहीत लिहिलं की मनातला मांडा निदान खापराजवळ येतो.

नुसतं लिहून मात्र भागत नाही. मी प्रत्येक गोष्टीखाली दोन ओळी लिहिते : पहिलं काम कोणतं, आणि विचारायचं कुणाला. ‘पेटी शिकायची’ असं चार वर्षं माझ्या वहीत पडून होतं. त्याखाली ‘गुरुवारी भजन संपल्यावर पेटीवाल्या काकांना विचारणे’ असं लिहिलं, आणि पुढच्याच गुरुवारी मी त्यांच्यासमोर उभी होते.

यादीत किती गोष्टी असाव्यात? शंभर हव्यात म्हणतात.

माझ्या सदतीस आहेत. शंभराचा आकडा गाठायचा म्हटलं की माणूस दुसऱ्यांच्या इच्छा आपल्या वहीत उतरवायला लागतो. काश्मीर, सिंगापूर, विमानातून उडी. तुम्हाला मनापासून हवं असेल तर जरूर लिहा. माझा आग्रह एवढाच की निम्म्या गोष्टी तरी सकाळी एसटीनं निघून रात्री घरी परतता येईल अशा टप्प्यात असाव्यात. लांबच्या गोष्टींना पैसा, रजा, घरच्यांची परवानगी सगळं एकदम जुळावं लागतं. जवळच्या गोष्टीला एक रविवार पुरतो, आणि एक झाली की दुसरी करायचं बळ येतं.

पन्नाशी उलटली. आता सुरू करून काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका असतात. आवाज खाली करून विचारतात. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

आपल्याच मातीतली तीन माणसं बघा. इंदिरा संत बेळगावच्या. १९४६ साली पती गेले तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या, पदरात तीन मुलं होती आणि शिक्षकाची नोकरी करायची होती. कविता थांबली नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८४ साली, सत्तरीत. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी तरुणपणी काही कथा लिहिल्या आणि मग कित्येक वर्षं ते कराडला भूगर्भशास्त्र शिकवत राहिले. बेळगावच्या बाळपणाच्या त्या कथा त्यांनी पुन्हा हातात घेतल्या आणि पहिला संग्रह आला १९९४ साली, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी. मधली वर्षं वाया गेली असं त्या कथा वाचणाऱ्या कुणालाही वाटणार नाही.

तिसरे कुमार गंधर्व. जन्म ८ एप्रिल १९२४, आपल्या सुळेभावीचा. ऐन उमेदीत क्षय झाला, एक फुफ्फुस निकामी झालं आणि पाच-सहा वर्षं गाणं बंद. त्या काळात देवासला अंथरुणावर पडून ते माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत होते. १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले तेव्हा ती गाणी त्यांच्या गळ्यात आली होती. गळा बंद होता तेव्हा कान उघडे होते. मला हे फार मोलाचं वाटतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ती तीन वर्षं मी घराबाहेर फारशी पडलेच नाही. त्यांच्या उशाशी बसून मी त्यांच्याकडून जात्यावरच्या एकशे बारा ओव्या लिहून घेतल्या. ते माझ्या यादीत आधी नव्हतं. नंतर लिहिलं आणि लगेच समोर बरोबरची खूण केली.

वेळ कुठून काढायचा?

‘काकू, आम्हाला पण करायचं आहे, खरं वेळच मिळत नाही,’ असं शेजारची सून म्हणते. तिचं खोटं नाही. दोन लहान मुलं, घरात शिवणकाम, पाणी येईल तेव्हा भरायचं. तिला मी एवढंच सांगितलं की आत्ता यादीतली एकच गोष्ट धर, आणि ती बसल्या जागी पिशवीतून काढून करता येईल अशी धर. मोठे प्रवास, क्लास, सगळं नंतर.

आपल्याकडचा पाऊसही वेळ ठरवायला मदत करतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुई, पुस्तक, पेटी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर पडायचं. उन्हाळ्यात लग्नं आणि पाहुणे, तेव्हा काहीच ठरवायचं नाही. मी आधी असा हिशोब करत नव्हते, त्यामुळं दर महिन्याला अपराधी वाटायचं.

कशिदा शिकायचा आहे. सुरुवात कशी करू?

याबद्दल लिहायला मला फार आवडतं, कारण माझी वही सुरू झाली ती कशिद्यामुळंच. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तळाशी तिची काळी चंद्रकळा सापडली. पदरावर तुळशीवृंदावन, पोपट, हत्ती, पाळणा, सगळं तिनं लग्नाआधी भरलेलं. मी पदर उलटा करून बघितला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच. गाठ कुठंही नाही. आयुष्यभर आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि तिच्या हातात हे होतं, याचा मला पत्ता नव्हता.

आपल्या भागातल्या या कशिद्याचे टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा : एकदा जाताना एकाआड एक घरं भरायची, परत येताना राहिलेली भरायची. मुरगी त्याच पद्धतीची, पण पायऱ्यांसारखी तिरकी चढत जाणारी. या दोन्हींत पुढची-मागची बाजू सारखीच दिसते. नेगी हा लांब धावदोऱ्याचा टाका, विणल्यासारखा दिसतो. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यांसारखा भरगच्च. रथ, गोपुर अशा जड नक्षीचं पोट भरायला तो वापरतात. नेगी आणि मेंथीची मागची बाजू वेगळी दिसते, त्यात तुमची काही चूक नाही.

कापडावर आधी नक्षी छापायची नसते. ताण्याबाण्याचे धागे मोजत जायचं. म्हणूनच थेट साडीवर सुरुवात करू नका. मॅटीचं कापड घ्या, त्यात धागे सुटे आणि ठळक दिसतात. दोरा सुरू करताना गाठ मारायची नाही, टोक सोडून द्यायचं आणि येताना टाक्यांखाली दडवायचं. पहिले दोन महिने फक्त गवंती, दुसरं काहीही नाही. मी घाई करून पहिल्याच महिन्यात हत्ती काढायला बसले, एक धागा चुकला आणि पुढचे सगळे पाय वाकडे आले. एक चूक आठ रांगांनंतर कळते, म्हणून दर रांगेला उलटून बघायचं. मागची बाजू कधी लपवत नाही.

काळ्या कापडावर काम दिवसाउजेडीच करा. ट्यूबलाइटखाली काळे धागे एकमेकांत मिसळतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. माझं पहिलं वृंदावन, वीतभरसुद्धा नव्हतं, पाच महिन्यांनी पुरं झालं. ते आईच्या चंद्रकळेशेजारी ठेवलं आहे.

शिकवणारं कोण मिळणार, असं विचाराल तर आधी घरातल्या आणि गल्लीतल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांना विचारा. त्या आधी ‘मला कुठलं येतंय’ म्हणतात. त्यांच्या हातात सुई द्या. हाताला आठवतं.

पैसे फार लागतात का?

सुई-दोरा, वही, वाचनालयाची वर्गणी, एवढ्यात माझ्या अर्ध्या गोष्टी झाल्या. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. घरात पुस्तकं घ्यायची ऐपत नसतानाही इथं वाचणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या.

प्रवासाचं म्हणाल तर ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून फुकट जाता येतं. ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. एसी आणि स्लीपर गाड्यांना ते चालत नाही, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांनाही नाही, त्यामुळं निपाणीहून कोल्हापूरला जाताना पैसे मोजावेच लागतात. मला त्या शून्याच्या तिकिटाचं फार अप्रूप आहे. त्याच्यामुळंच मी पुढची गोष्ट पुरी करू शकले.

ती मलप्रभेची गोष्ट काय आहे?

यादीतली नववी ओळ : ‘मलप्रभा उगमापासून संगमापर्यंत बघायची.’ माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. या नदीत पाय सोडून बसलेली मी, खरं ती येते कुठून आणि जाते कुठं हे डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

नदी ३०४ किलोमीटरची. मी ती चार तुकड्यांत, अडीच वर्षांत बघितली. पहिला तुकडा कणकुंबी. माउलीच्या देवळाजवळ उगम आहे. तिथं वाकून ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा ही पुढं सौंदत्तीजवळ एवढं मोठं धरण भरते यावर विश्वास बसेना. परतताना हब्बनहट्टीला उतरले. तिथला मारुती नदीच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं. तिथून खाली खानापूरजवळचं असोगा, रामलिंगेश्वराचं देऊळ आणि खडकांतून वळणं घेणारं पाणी. आषाढ-श्रावणात या बाजूला अजिबात जाऊ नका. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस अंगावर घेण्यासारखा नसतो आणि पात्राला उतरणं धोक्याचं असतं.

दुसरा तुकडा एम. के. हुबळी आणि सौंदत्ती. एम. के. हुबळीला नदीपात्रात लिंगायत संत बसवण्णा यांच्या पत्नी गंगांबिका यांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधीची जागा, आहे. हे मला आधी माहीत नव्हतं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अव्वांनी सांगितलं आणि मी तिथंच उतरले. पुढं नविलुतीर्थाला दोन डोंगरांच्या मधोमध धरण. यल्लम्माला आम्ही लहानपणापासून जात होतो, धरण बघायला कधी कुणी थांबलं नव्हतं.

तिसरा तुकडा पट्टदकल आणि ऐहोळे, यासाठी बादामीला एक मुक्काम केला. माझ्या माहेरच्या नदीकाठी चालुक्यांची ती देवळं उभी आहेत, त्यातली पट्टदकलची १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि मी शाळेत इतिहास पाठ करताना ‘पट्टदकल’ हे फक्त रिकामी जागा भरायला लिहिलं होतं. देवळाच्या मागं जाऊन नदी बघितली. उन्हाळा लागत होता, पाणी थोडं होतं. खानापुरातून आलेलं पाणी.

चौथा कूडलसंगम. इथं मलप्रभा कृष्णेला मिळते आणि इथंच बसवण्णांचं ऐक्य. गंगांबिका वर, बसवण्णा खाली, आणि मधून तीच नदी. मी काठावर बसून खूप रडले. का, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. बरोबर आलेल्या मैत्रिणीनं काही विचारलं नाही, नुसता डबा उघडून समोर ठेवला.

तुम्ही तुमची नदी घ्या. घटप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशी, आपल्याकडं नद्यांना तोटा नाही.

सीमाभागात राहून मराठी माणसानं कन्नड शिकणं यादीत का घालावं?

हा प्रश्न रागानंही विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहिते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनचं दुखणं माझ्याही घरात आहे. माझे वडील त्यासाठी मोर्च्यांत चालले. माझी मराठी मला कुणासाठी सोडायची नाही. खरं मी कन्नड शिकले ते कुणी लादलं म्हणून नाही, कशिद्यामुळं. गवंतीचा अर्थ आईनं कधी सांगितला नव्हता. कन्नडमध्ये गंटू म्हणजे गाठ, नेय्गे म्हणजे विणकाम, मेंत्ये म्हणजे मेथी. आईच्या पदरावर दोन्ही भाषा होत्या, मी एकच वाचत होते.

मराठी माणसाला लिपी अवघड नाही. वर्णमालेचा क्रम तोच, अ आ इ ई, क ख ग घ. फक्त तिथं ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे असतात, ते कानाला सवयीनं कळतं. मी बसच्या पाट्यांवरून शिकले. गावाचं नाव ठाऊक असतंच, अक्षरं ओळखायची. तीन महिन्यांत पाट्या, आठ महिन्यांत लहान मुलांची पुस्तकं. कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे धारवाडचे, त्यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवितेसाठी मिळालं. त्यांनी मराठीतही लिहिलं. आपली भाषा उराशी धरून शेजारची शिकता येते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मला कविता करायच्या आहेत, पण ऐकणार कोण?

बेळगाव तालुक्यात हा प्रश्न पडूच नये! कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कळशी घेऊन पुढं चालतात. अखिल भारतीय संमेलनही बेळगावात तीनदा झालं, १९२९, १९४६ आणि २००० साली. पण तुम्ही आधी गावच्या संमेलनाला जा. कविसंमेलनात नाव द्यायचं असेल तर आधी एक वर्ष नुसतं श्रोत्यांत बसा आणि दुसऱ्यांचं ऐका. मी तसं केलं. पुढच्या वर्षी वाचायला उभी राहिले तेव्हा पाय थरथरत होते, आणि पहिल्या रांगेतल्या शेतकरी आजोबांनी मान हलवली. तेवढ्यावर मी पुढची तीन वर्षं लिहिते आहे.

घरचे हसतात. काय करू?

माझेही हसले. मी भांडले नाही, वही मात्र लपवली नाही. टीव्हीशेजारी ठेवली. वर्षभरानं एके दिवशी यजमानांनी शेवटच्या पानावर पेन्सिलीनं स्वतःची ओळ लिहिली होती : ‘राजहंसगडावर न थांबता चढणे.’ आता ते दर रविवारी पहाटे येळ्ळूरला जातात.

जिथं हसणं नसून धाक आहे, बाहेर पडू देत नाहीत, पैसे हातात देत नाहीत, तिथं माझं हे उत्तर पुरेसं नाही हे मला ठाऊक आहे. अशा मैत्रिणीला मी यादी करायला सांगत नाही. आधी तिच्या घरी जाऊन बसते.

एखादी गोष्ट जमली नाही तर खोडायची का?

खोडा. पूर्ण, ठळक रेघ मारून. माझ्या यादीत काळी नदीत राफ्टिंग होतं. गुडघ्यानं नकार दिला. मी तीन वर्षं ती ओळ तशीच ठेवून झुरत होते. खोडली त्या दिवशी हलकं वाटलं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, मुंबईला जे. जे. त शिकायला गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येईनात, म्हणून चित्रकला सोडावी लागली. ते यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, मग १९१० साली किर्लोस्करवाडी. चित्रकाराचा हात आराखड्यात कामी आलाच असेल, असं मला नेहमी वाटतं.

एक फरक मात्र ओळखा. गोष्ट चुकीची होती की शिकवणारा? पेटीसाठी मी आधी एका क्लासची सहा महिन्यांची फी भरली होती. दुसऱ्या महिन्यापासून मास्तरच येईनासे झाले, पैसेही गेले. मला वाटलं पेटी आपल्या नशिबात नाही. नशिबाचा काही संबंध नव्हता. भजनी मंडळातल्या काकांनी दोन वर्षं एक पैसा न घेता शिकवलं.

मुलांनाही यादी करायला लावावी का?

लावू नका. त्यांच्यामागं आधीच खूप याद्या आहेत. दिवाळीत किल्ला करताना त्यांच्याबरोबर चिखलात बसा.

तुमच्या यादीत आता काय राहिलं आहे?

सोळा गोष्टी. त्यातल्या तीन सांगते. भीमगडच्या रानातल्या गावात एक रात्र राहायची. मांडा, म्हणजे खापरावरचा, न फाटता टाकायचा. आत्तापर्यंत सगळे फाटले आहेत. आणि गोकाकला, धबधब्यासाठी नाही, तिथल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांकडं जायचं. ते हलक्या लाकडाची फळं-भाज्या करतात, हुबेहूब. लहानपणी आमच्या कोनाड्यात त्यातला एक पेरू होता आणि मी तो एकदा खरंच चावला होता. त्या कारागिरांपैकी कुणाच्या तरी शेजारी बसून एक पेरू माझ्या हातानं रंगवायचा आहे. खाली लिहिलं आहे : ‘पहिलं काम – संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळची गोकाक बस.’